नामदार गोखले आणि तोट्याचा हिशेब

सरकारी नोकरांचे पगार आणि सरकारी सेवांचा तोटा हे विषय निघाले की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो सेवाच बंद करा. दुसरा म्हणतो हिशेब मागू नका. अशा वेळी आम्हांस नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्मरण होते.

गोखले आपल्याच किनाऱ्याचे. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे 9 मे 1866 रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या निधनानंतर थोरल्या बंधूंनी शिक्षण सोडून 15 रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील 8 रुपये धाकट्यासाठी पाठविले. पैशाचे मोल गोखल्यांना घरातच कळले. 1884 मध्ये पदवी मिळाल्यावर मोठ्या पगाराचा मोह टाळून ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीत सुमारे 75 रुपयांवर राहिले.

न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली आकडे वाचावयास शिकलेल्या या प्राध्यापकाने 1897 मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली. वाढता लष्करी खर्च, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट वेतन, वर त्यांस मिळणारा हुंडणावळीचा भत्ता, आणि कंपन्यांस व्याजाची हमी देऊन तिजोरीने सोसलेला आगगाड्यांचा तोटा, हे सारे त्यांनी मांडले. 1902 च्या अंदाजपत्रकात 7 कोटींहून अधिक शिल्लक दिसली, तेव्हा सरकार संतुष्ट होते. गोखल्यांनी मात्र दाखवून दिले की, दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्यानेच ती उरली. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. तो 1903 पासून टप्प्याटप्प्याने उतरून 1907 मध्ये 1 रुपयावर आला.

तथापि गोखले खर्चाचे वैरी नव्हते. 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनीच आणले. त्यात तिजोरीस नफा नव्हता, खर्चच होता. पुढल्या वर्षी ते फेटाळले गेले. त्याच वर्षी नेमलेल्या सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कमिशनचे सभासद म्हणून ते अखेरपर्यंत राबले. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या 48 व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

त्यांची कसोटी आजही लावून पाहावी. त्या दुष्काळांत पोळलेल्या मध्यप्रांतातला बालाघाट जिल्हा आज मध्यप्रदेशात आहे. तोट्यापायी त्या राज्याने 2005 मध्ये आपले परिवहन महामंडळ गुंडाळावयास घेतले. ताळेबंदातला तोटा थांबला. पण किरनापुरासारख्या गावच्या उतारूस राज्याची स्वतःची गाडी उरली नाही. अखेर 2025 मध्ये त्याच राज्याला सार्वजनिक बससेवेची नवी योजना मंजूर करावी लागली.

आपल्या एसटीविषयी बोलताना हे ध्यानी घ्यावे, असे आम्हांस वाटते. आडगावी गाडी नेण्याने होणारा तोटा आणि उधळपट्टीने वा ढिलाईने होणारा तोटा हे ताळेबंदात वेगळे दाखवावेत. पहिला सरकारने उजळ माथ्याने सोसावा. दुसऱ्याचा जाब वरिष्ठांपासून सर्वांना विचारावा. दोन्ही एकाच आकड्यात दडविले, तर शिक्षा चुकीच्या माणसास होते आणि प्रवासी रस्त्यावर उभा राहतो.