ज्युलिओ बिझोझेरो: तुमच्या रिपोर्टमधल्या 'प्लेटलेट'मागचा माणूस

डेंग्यूचा संशय आला की मोबाईलवर सीबीसीचा रिपोर्ट येतो आणि घरातले सगळे आधी एकच आकडा बघतात: प्लेटलेट. हे कण नेमकं काय करतात, हे नीट दाखवून दिलं इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी.

त्यांचा जन्म १८४६ चा, वारेसे गावातला. विशीतच ते पाविया विद्यापीठातून डॉक्टर झाले, पुढे तुरिनला प्राध्यापक. प्लेटलेट त्यांच्याआधीही काहींना दिसल्या होत्या, पण त्या म्हणजे लाल पेशींची सुरुवात असावी, असंही काहींना वाटायचं. बिझोझेरोंनी जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली बघितल्या. वाहिनीला इजा झाली की हे कण तिथे चिकटतात, एकमेकांना धरतात. जखमेत हेच बूच रक्त थांबवतं. नको तिथे बसलं तर गुठळी. १८८२ मध्ये त्यांनी हे मांडलं.

पुढे डोळ्यांनी दगा दिला, मायक्रोस्कोप सुटला. मग ते सार्वजनिक आरोग्याच्या कामाला लागले. १९०१ मध्ये ते गेले.

त्यांनी बघितलेलं ते चिकटणं आज लॅबमध्ये मोजता येतं. ब्लूबेरीला किंवा आपल्या जांभळाला रंग देणाऱ्या अँथोसायनिनमुळे ते कमी होतं का, हेही तपासतात. पण टेस्ट ट्यूबमधला परिणाम म्हणजे औषध नव्हे. शिवाय प्लेटलेट कमी चिकटणं वेगळं आणि काउंट वाढणं वेगळं. त्यामुळे 'हा ज्यूस प्या, प्लेटलेट वाढवा' असा फॉरवर्ड आला, तर तो पुढे ढकलू नका. रिपोर्ट घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.