कच्चे मडके

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार या गावापासून औंढा नागनाथ फार दूर नाही. दोन्ही गावे एकाच तालुक्यातील. औंढ्याचे प्राचीन शिवमंदिर पाहताना, सुमारे सातशे वर्षांपूर्वी तेथे आलेल्या एका तरुणाची आठवण होते. भरसभेत झालेली फजिती मनात घेऊन तो तेथे आला होता. त्या तरुणाचे नाव नामदेव.

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये झाला. याच जिल्ह्यातील नर्सी हे त्यांचे जन्मगाव, असे परंपरा सांगते. वडील दामाशेटी शिंप्याचा व्यवसाय करीत. आईचे नाव गोणाई. नामदेवांचे आयुष्य पंढरपुरात विठ्ठलाच्या सान्निध्यात गेले. ते कीर्तनास उभे राहिले की श्रोते देहभान विसरत. लोकांची वाहवा ऐकून, आपल्यासारखा भक्त दुसरा नाही, असे त्यांना वाटू लागले.

एकदा तेर या गावी गोरोबाकाका कुंभार यांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई आणि नामदेव तेथे होते. कोपऱ्यात पडलेले थापटणे मुक्ताबाईंना दिसले. येथे जमलेल्यांपैकी कोणते मडके पक्के व कोणते कच्चे, ते पारखून पाहावे, असे त्यांनी गोरोबाकाकांना सुचविले. काका एकेकाच्या डोक्यावर थापटण्याने हलकेच ठोकू लागले. सारे शांत बसून राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला व ते रागावले. तेव्हा काकांनी निर्णय दिला, की हे मडके कच्चे आहे. सर्वजण हसले. नामदेवांचे डोळे भरून आले.

ते तडक पंढरपुरास गेले आणि त्यांनी विठ्ठलापाशी गाऱ्हाणे मांडले. पण देवानेही काकांचीच बाजू घेतली आणि औंढ्यास जाऊन विसोबा खेचर यांना गुरू करण्यास सांगितले, अशी कथा आहे. नामदेवांपुढे दोन वाटा होत्या. घरी रुसून बसावे, किंवा आपले उणे कोठे आहे ते शिकून घ्यावे. त्यांनी दुसरी वाट धरली.

औंढ्याच्या मंदिरात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी त्यांना पाय काढण्यास सांगितले. जेथे देव नसेल तेथे ते उचलून ठेव, असे विसोबांनी सुचविले. नामदेवांनी पाय जेथे जेथे नेले, तेथे तेथे पिंड दिसू लागली. देव सर्वत्र आहे, हे त्यांना उमगले आणि त्यांचा अहंकार गळाला.

पुढेही त्यांच्या वाट्याला मानहानी आली. याच मंदिरापुढे कीर्तन करीत असता त्यांना तेथून उठविण्यात आले. आता ते रागावले नाहीत. त्यांनी मंदिराच्या मागे जाऊन कीर्तन चालू ठेवले; तेव्हा मंदिरच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे.

इ. स. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली, तेव्हा नामदेव २६ वर्षांचे होते. त्यानंतर ते उत्तरेकडे गेले. पंजाबातील घुमान या गावी त्यांनी बराच काळ वास्तव्य केले. तेथील लोकांना समजेल अशा भाषेत त्यांनी पदे रचली. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. इ. स. १३५० मध्ये पंढरपुरात त्यांनी समाधी घेतली. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातील नामदेव पायरी आजही त्यांचे स्मरण देते.

विद्यार्थ्यांनो, शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिल्याच वेळी हार झाली, भाषण करताना शब्द आठवले नाहीत, मित्र हसले, तर वाईट वाटणारच. नामदेवांनाही वाटले होते. पण कुंभार कच्चे मडके फेकून देत नाही. ते आव्यात घालून भाजतो. परीक्षकांनी दाखविलेली उणीव समजून घ्यावी, जाणत्यांकडून शिकावे आणि पुढच्या स्पर्धेस पुन्हा उभे राहावे.