हंसविणारा फर्नांदेल

ज्याच्या मुखाकडे पाहतांच लोकांस हंसूं लोटतें, अशा मुलाचें पुढें काय व्हावें? आमच्या वर्गांतूनही कोणाच्या नाकावरून, कोणाच्या दांतांवरून टोपणनांवें पडतात, आणि ज्यास तीं ऐकून घ्यावीं लागतात त्याच्या मनास काय वाटतें हें नांव ठेवणारास क्वचितच समजतें. फ्रान्स देशांतील मार्सेल्स शहरीं ८ मे १९०३ रोजीं जन्मास आलेल्या फर्नां कोंतांदें याचा चेहरा घोड्यासारखा लांबट होता, आणि दांत मोठे व ठळक होते. मार्सेल्स हें बंदर मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. सन १९१० मध्यें सावरकरांनीं बोटींतून समुद्रांत उडी घेतली ती येथेंच. त्या वेळीं हा मुलगा सात वर्षांचा होता.

त्याचे वडील दिवसा कचेरींत नोकरी करीत व सायंकाळीं हौसेनें रंगभूमीवर गाणीं म्हणत. त्यांचें नांव देनी. त्याचीं फ्रेंच अक्षरें उलट्या क्रमानें मांडून त्यांनीं आपलें रंगभूमीवरील नांव केलें होतें. बापाच्या मागोमाग मुलगाही लहानपणींच रंगभूमीवर चढला व भोळसट शिपायाचीं विनोदी गाणीं गाऊं लागला. पुढें पोटासाठीं त्यानें बँकेंत व इतरत्र नोकऱ्या केल्या. परंतु एकींतही त्याचें मन रमलें नाहीं.

झां मांस नांवाच्या मित्राच्या बहिणीशीं, आंरियेत हिच्याशीं, त्याचा सन १९२५ मध्यें विवाह झाला. विवाहापूर्वीं तो तिच्या घरीं इतका वारंवार जाई कीं, तो आला म्हणजे तिची आई थट्टेनें तिचा फर्नां आला असें म्हणे. फ्रेंच भाषेंत ‘तिचा फर्नां’ हे शब्द जुळवून उच्चारले म्हणजे फर्नांदेल होतें. सासूबाईंच्या थट्टेंतून निघालेलें हें नांव पुढें साऱ्या फ्रान्सच्या तोंडीं झालें. मेव्हणा झां मांस हा त्याच्यासाठीं गाणीं रचीत असे.

सन १९२८ मध्यें तो पॅरिसच्या रंगभूमीवर आला. लवकरच बोलपट निघूं लागले, व ज्याचा आवाज आणि दक्षिणेकडील हेल दोन्हीं हंसविणारीं, अशा नटास बरा काळ आला. पहिल्या चित्रपटांत लोक त्याच्या दांतांस हंसले. त्यांत नवल नव्हतें. परंतु सन १९३४ मध्यें मार्सेल पान्योल या नाटककारानें आपल्या ‘आंजेल’ चित्रपटांत त्यास एका साध्या शेतगड्याचें काम दिलें. मालकाची मुलगी शहरांत जाऊन संकटांत सापडते. तिला शोधून घरीं आणणारा हाच भोळा गडी. तोच चेहरा, तेच दांत, पण येथें हंसणाऱ्यांचा कंठ दाटून यावा.

सन १९३८ मध्यें पान्योलनेंच त्यास घेऊन ‘ल श्पुंत्स’ हा चित्रपट काढला. किराणा दुकानदाराचा एक पुतण्या स्वतःस शोकान्त नाटकाचा थोर नट समजत असतो. अपराध्याचें मस्तक तोडावें अशा अर्थाचें कायद्यांतील एक वाक्य तो कधीं भीतीनें, कधीं दुःखानें, कधीं हंसत म्हणून दाखवितो. पुढें त्यास चित्रपटांत गंभीर काम मिळतें, आणि प्रेक्षक पोट धरधरून हंसतात! बिचारा अपमानानें खचतो. तेव्हां एक तरुणी त्यास समजावते कीं, दमून, दुःखी होऊन आलेल्या माणसास घटकाभर हंसविणें हें हलकें काम नव्हे. स्वतः फर्नांदेलच्याच आयुष्यांतील हा प्रश्न होता, असें मला वाटतें. आपणांकडेही विनोदी नटास नायकाच्या खालींच बसविण्याची चाल आहे.

युद्धकाळांत जर्मनांनीं पॅरिसांत चालविलेल्या कंपनीसाठींही त्यानें काम केलें. चरित्र सांगतांना हें गाळणें बरें नव्हे.

त्याची खरी जगभर कीर्ति झाली ती सन १९५२ मधील ‘दोन कामिल्लो’च्या चित्रपटानें. ग्वारेस्की या इटालियन लेखकाची ही कथा. पो नदीच्या परिसरांतील एक खेडें. तेथील धर्मगुरु दांडगा, रागीट, पण दयाळू. आणि गांवचा नगराध्यक्ष पेप्पोने कट्टर साम्यवादी. दोघांचें नित्य भांडण, पण अडचणींत एकास दुसऱ्यावांचून करमत नाहीं. धर्मगुरु चर्चमधील क्रूसावरील ख्रिस्ताशीं मोकळेपणीं बोलतो, आपलीं गाऱ्हाणीं सांगतो, आणि उत्तरादाखल बहुधा त्याची कानउघाडणी होते. धर्मगुरूचें काम विदूषकानें करावें, हें ऐकून कोणा भाविकास शंका येईल. परंतु खोडी उघडकीस आलेल्या मुलाप्रमाणें तो लांबट चेहरा क्रूसापुढें खालीं होतो, तेव्हां त्यांत धर्माची चेष्टा उरत नाहीं. एकट्या फ्रान्समध्यें या चित्रपटाचीं सव्वा कोटींहून अधिक तिकिटें खपलीं. त्या धर्मगुरूचे आणखी चार चित्रपट निघाले.

सन १९५४ मधील एका चित्रपटांत त्यानें बाप व त्याचे पांच जुळे मुलगे अशा सहा भूमिका एकट्यानें केल्या. सन १९५९ मध्यें तो जर्मनींतील फ्रेंच युद्धकैदी झाला. हा कैदी हातांत दुधाची बादली व सोबत एक गाय घेऊन, जणूं शेतावरच्या कामास निघालों आहों, अशा थाटानें स्वदेशाच्या वाटेस लागतो. एवढें चालून, गाईचा निरोप घेऊन, तो अखेर घाईनें आगगाडींत उडी मारतो, आणि गाडी निघते ती जर्मनीकडे! येथें हंसावें कीं रडावें हें ज्याचें त्यानें ठरवावें.

त्याचा शेवटचा पूर्ण झालेला चित्रपट सन १९७० चा. बैलांच्या झुंजींत मरण्यासाठीं विकलेला एक म्हातारा घोडा पोंचता करण्याचें काम एका शेतमजुरास सांगितलेलें असतें. तो त्यास तिकडे न नेतां कामार्गच्या मोकळ्या रानांत नेऊन सोडतो. त्याच वर्षीं धर्मगुरूच्या सहाव्या चित्रपटाचें काम सुरू झालें, पण आजारामुळें तें थांबलें. २६ फेब्रुवारी १९७१ रोजीं पॅरिस येथें फर्नांदेल वारला. पुढें तो चित्रपट दुसरे नट घेऊन करण्यांत आला. पेप्पोनेचें काम करणारा जीनो चेर्वी त्यांत नव्हता. ज्या ब्रेशेल्लो गांवीं ते चित्रपट घेतले गेले, तेथें चर्चसमोर धर्मगुरूचा व नगरभवनासमोर पेप्पोनेचा असे दोन कांस्यपुतळे उभे आहेत.