नकार द्यावाच न लागणारी व्यवस्था : बेसी स्मिथचे आयुष्य आणि तिच्या तबकड्या

अमेरिकेतील ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिच्याविषयी एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. मोटार अपघातात जखमी झालेल्या या कृष्णवर्णीय गायिकेला गोऱ्यांच्या रुग्णालयाने दारातून परत पाठवले आणि त्यातच तिचा जीव गेला, अशी ती गोष्ट. ऐकताना आपल्याला आपलेच गाव आठवते, म्हणून ती आपल्याला लगेच पटतेही. पण ही गोष्ट खरी नाही. प्रत्यक्षात जे घडले ते याहून वाईट होते आणि ते समजून घ्यायचे तर तिचे आयुष्य सुरुवातीपासून पाहावे लागेल.

बेसीचा जन्म टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहरात झाला. १८९४ हे तिचे जन्मवर्ष धरले जाते. वडील मजुरी करत आणि जमेल तेव्हा चर्चमध्ये प्रवचन देत. ती लहान असतानाच ते गेले आणि दहा वर्षांची होण्याआधी आईही गेली. थोरल्या बहिणीने घर सांभाळले. बेसी आणि तिचा भाऊ अँड्र्यू रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून चार पैसे मिळवू लागले. तो गिटार वाजवायचा, ती गायची आणि नाचायची. १९१२ मध्ये दुसऱ्या भावाच्या ओळखीने ती एका फिरत्या नाटकमंडळीत शिरली, तीही गायिका म्हणून नव्हे, नाचणारी म्हणून. त्या मंडळीत मा रेनी ही मोठी गायिका आधीच होती.

कृष्णवर्णीयांच्या या रंगमंचावरही रंगाची उतरंड होती. नाचणाऱ्या मुली उजळ कांतीच्या हव्यात, असा मालकांचा आग्रह असे. बेसी गडद काळी होती, म्हणून तिला एका नृत्यसंचातून काढून टाकण्यात आले. ज्याच्यावर अन्याय होतो तो समाजही वरच्यांची मोजपट्टी कशी उचलतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

१९२० पर्यंत अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांना कृष्णवर्णीय माणूस ग्राहक वाटतच नव्हता. त्या वर्षी मेमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही रेकॉर्ड तुफान खपली आणि कंपन्यांचे डोळे उघडले. मग ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाचा वेगळा बाजार उभा राहिला. कृष्णवर्णीयांनी गायलेल्या आणि कृष्णवर्णीयांनाच विकायच्या या तबकड्यांच्या याद्या वेगळ्या, जाहिराती वेगळ्या, पुढे क्रमांकही वेगळे. गाणे विकत घ्यायला कुणाला बंदी नव्हती, फक्त त्याची वस्ती वेगळी केली होती.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकड्या लाखेच्या असत. त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जाई. छोटा नागपूरच्या पट्ट्यात पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरून आदिवासी कुटुंबे ती खरवडून काढत. टेनेसीच्या अनाथ मुलीचा आवाज ज्या पदार्थावर कोरला गेला, त्यात आपल्या जंगलांतल्या कष्टकऱ्यांचेही श्रम होते. त्यांची नावे अर्थातच कोणत्याही लेबलावर नाहीत.

१९२१ मध्ये हॅरी पेस या कृष्णवर्णीय उद्योजकाने न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लॅक स्वान’ ही कंपनी काढली. आपले संगीत आपल्या मालकीचे असावे, हा त्यामागचा विचार. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे विचारवंत तिच्या संचालक मंडळावर होते. याच डु बॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते आणि तिथल्या निग्रो प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. इतके थोर नाव पाठीशी असलेल्या ब्लॅक स्वानने बेसीला मात्र नाकारले. कंपनीला समाजाची प्रतिष्ठा वाढवणारे, सुसंस्कृत वाटणारे गाणे हवे होते. बेसीचा आवाज तिला फार रांगडा वाटला. काही वर्षांतच ब्लॅक स्वान बुडाली. तिचा संगीतप्रमुख फ्लेचर हेंडरसन पुढे बेसीच्याच रेकॉर्डवर पियानो वाजवत होता. आपल्यातल्या शिकलेल्या माणसांनी तमाशा आणि लावणीकडे कसे पाहिले, याचा विचार इथे आम्ही करतो आणि थोडे थांबतो.

फेब्रुवारी १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीने बेसीचे ‘डाउनहार्टेड ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. सहा महिन्यांत त्याच्या सुमारे ७ लाख ८० हजार प्रती खपल्याचे सांगितले जाते. बेसीच्या हाती काय आले? सुरुवातीला एका मध्यस्थाने तिचे निम्मे पैसे खाल्ले. तिने आणि तिच्या नवऱ्याने त्याला गाठून तो करार मोडला. मग कंपनीशी थेट करार झाला, पण त्यातून रॉयल्टीचे कलम काढून टाकलेले होते. प्रत्येक गाण्याचे ठराविक डॉलर आणि विषय संपला. कोलंबियासाठी तिने १६० गाणी गायली. त्यांच्या विक्रीवर तिचा हक्क कधीच नव्हता.

तरीही ती आपल्या काळातली सर्वाधिक कमावणारी कृष्णवर्णीय कलावंत झाली. दक्षिणेत दौरे करताना तिच्या मंडळींना हॉटेलात खोली मिळत नसे, खाणावळीत ताट मिळत नसे. १९२५ मध्ये तिने स्वतःचा रेल्वे डबाच विकत घेतला. सगळी मंडळी त्यातच झोपायची, त्यातच जेवायची. तिच्या श्रीमंतीची खूण म्हणून या डब्याचे वर्णन केले जाते. आम्हाला त्यात एका बाईने शोधलेली वाट दिसते : जिथे दार उघडणार नाही तिथे ठोठवायचे नाही, आपले छप्पर बरोबर न्यायचे.

तिला ऐकायचे असेल तर जानेवारी १९२५ मधील ‘सेंट लुईस ब्लूज’ पासून सुरुवात करावी. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. साथीला फक्त दोघे : कॉर्नेटवर तरुण लुई आर्मस्ट्राँग आणि चक्क पायपेटीवर फ्रेड लाँगशॉ. बेसी एक ओळ सोडते आणि कॉर्नेट तिला उत्तर देते. मग १९२७ मधील ‘बॅकवॉटर ब्लूज’ ऐकावे. पुराचे हे गाणे फेब्रुवारीत रेकॉर्ड झाले आणि दोनच महिन्यांत मिसिसिपी नदीने तट फोडले. पूरछावण्यांत कृष्णवर्णीयांकडून बंदुकीच्या धाकाने बांधाची कामे करून घेतली जात होती. त्या लोकांना ते आपलेच गाणे वाटले. १९२८ मधील ‘पुअर मॅन्स ब्लूज’ तिने स्वतः लिहिले. त्यात ती थेट श्रीमंतांना जाब विचारते.

महामंदीत रेकॉर्डचा धंदा बसला. १९३१ मध्ये कोलंबियाने तिला सोडले. १९३३ मध्ये जॉन हॅमंड या निर्मात्याने तिची शेवटची चार गाणी ध्वनिमुद्रित केली. मोबदला, गाण्यामागे साडेसदतीस डॉलर.

२६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीमधील ६१ क्रमांकाच्या महामार्गावर तिची मोटार एका ट्रकवर आदळली. तिचा हात जवळजवळ तुटला. योगायोगाने तिथून जाणारा एक गोरा डॉक्टर थांबला आणि त्याने उपचार सुरू केले. रुग्णवाहिकेने तिला क्लार्क्सडेल गावातील जी. टी. थॉमस आफ्रो-अमेरिकन हॉस्पिटलमध्ये नेले. हात कापावा लागला. त्याच सकाळी ती गेली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने नाकारल्याची बातमी हॅमंडने ऐकीव माहितीवरून छापली आणि पुढे ती नाटकापर्यंत पोचली.

सत्य असे की गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला नाकारलेच नाही, कारण तिला तिकडे नेण्याचा विचारच कुणाच्या मनात येणे शक्य नव्हते. कोणत्या रंगाचा देह कुठे न्यायचा हे रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत सगळ्यांना पाठ होते. नकार देणारा एक दुष्ट माणूस सापडला, तर त्याच्यावर गुन्हा दाखल करता येतो. इथे असा माणूसच नव्हता. भेदभाव पूर्णपणे मुरलेला असतो तेव्हा नकार देण्याची वेळच येत नाही. आपल्या गावातली वेगळी स्मशानभूमी, वेगळी विहीर, ठराविक आडनावांनाच मिळणारी सफाईची कामे तपासून पाहा. तिथे रोज नकार कोण देतो?

फिलाडेल्फियात तिच्या अंत्यदर्शनाला हजारो लोक आले, पण कबरीवर दगड बसला नाही. तो बसायला १९७० साल उजाडले. खर्च दोघींनी उचलला : गोरी गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेली, पुढे नागरी हक्क चळवळीत उतरलेली वनीता ग्रीन. त्याच सुमारास कोलंबियाने तिची सगळी गाणी विनाइलच्या एलपींवर पुन्हा काढली. हे शक्य झाले, कारण दुसऱ्या महायुद्धात लाखेच्या टंचाईमुळे जुन्या रेकॉर्ड भंगारात जात असतानाही काही लोकांनी त्या जपून ठेवल्या होत्या.

आपल्या घरांतही जलशांच्या वह्या आहेत, भीमगीतांच्या कॅसेट आहेत, बुरशी धरलेल्या रेकॉर्ड आहेत. त्या रद्दीत जाण्याआधी बाहेर काढू या. गायक कोण, गीतकार कोण, ढोलकीवर कोण होते, पैसे कुणाला मिळाले, हे थोरल्या माणसांना विचारून लिहून ठेवू या. आणि लिहिताना सोयीच्या दंतकथेपेक्षा अवघड सत्य निवडू या. बेसी स्मिथला न्याय देण्यासाठी खोट्या गोष्टीची गरज नव्हती आणि आपल्यालाही नाही.