घटक ५ : पंडिता रमाबाई – शाळा, सदन आणि मातृत्व

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• पंडिता रमाबाईंच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• अध्यापन आणि एकटीने केलेले अपत्यसंगोपन यांतून त्यांच्यापुढे उभे राहिलेले प्रश्न स्पष्ट करता येतील.
• शारदासदन आणि केडगावचे मुक्तिसदन यांच्या रचनेमागील विचार समजावून घेता येईल.

५.१ प्रस्तावना

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे केडगाव हे स्थानक लागते. भीमेच्या एका अंगाला शिरूर आणि दुसऱ्या अंगाला दौंड असा हा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील मुलूख पर्जन्यछायेत येतो. आज ऊस आणि कालवे यांमुळे त्याचे रूप पालटले असले, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो दुष्काळाच्या टापूतच गणला जाई. याच केडगावात पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याची शेवटची सुमारे पंचवीस वर्षे घालवली.

रमाबाईंचे चरित्र बहुधा तीन अंगांनी सांगितले जाते : संस्कृत पंडिता, समाजसुधारक आणि धर्मांतर केलेली स्त्री. ही तिन्ही अंगे महत्त्वाची आहेत. परंतु वयाच्या चोविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या आणि तान्ह्या मुलीला सांभाळत शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या स्त्रीचे जीवन म्हणून हे चरित्र पाहिले, तर त्यांच्या संस्थांचा अर्थ अधिक उलगडतो. प्रस्तुत घटकात आपण हाच धागा धरून पुढे जाणार आहोत.

५.२ आईची शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. स्त्रीला देववाणी शिकवण्याच्या या कृतीला विरोध झाला, तेव्हा त्यांनी रानात आश्रम थाटला. तेथे विद्यार्थी राहत. त्यांच्या जेवणाखाण्याचा आणि घरकामाचा भार अर्थातच लक्ष्मीबाईंवर असे.

पुढे या कुटुंबाचे आयुष्य तीर्थयात्रेत आणि पुराणकथनात गेले. वडील वृद्ध झाल्यामुळे धाकट्या रमेला शिकवण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले. दिवसभर कामातून सवड मिळत नसे. म्हणून लक्ष्मीबाई पहाट होण्यापूर्वीच मुलीला उठवीत आणि कुशीत घेऊन तिच्याकडून पाठ म्हणवून घेत. घरात मराठी बोलायची आणि पाठ संस्कृतचा करायचा, असा हा दुहेरी भाषासंस्कार होता. रमाबाईंच्या जीवनातील पहिली शाळा ही अशी आईच्या कामाच्या वेळापत्रकात बसवलेली होती. शिकवणे आणि मूल वाढवणे ही दोन वेगळी कामे आहेत, असा अनुभव त्यांना बालपणी आलाच नाही. त्यांच्या पुढील संस्था समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

दुष्काळाच्या काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंच्या संस्कृत ज्ञानाचा गौरव केला आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या उपाधी दिल्या. १८८० मध्ये बंधूही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारीदास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमेचा जन्म झाला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन झाले, तेव्हा मुलगी अवघी दहा महिन्यांची होती.

५.३ पुणे : तान्हे मूल आणि सार्वजनिक कार्य

मुलीला घेऊन रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या. महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रीशिक्षिका, स्त्रीनिरीक्षक आणि स्त्रीवैद्य यांची गरज मांडली. या मागण्या करणारी स्त्री स्वतः एका लेकराचे पोट भरण्याची वाट शोधत होती, हे येथे विसरता कामा नये. स्त्रियांनी शिक्षिका व्हावे, या विचाराला त्यांच्यापुरता तरी रोजच्या भाकरीचा संदर्भ होता.

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. प्रवासाचा काही खर्च पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. त्या बदल्यात हिंदुस्थानात कामाला जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावयाचे होते. मनोरमा तेव्हा दोन वर्षांची होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

५.४ चेल्टनहॅम : शिकवणारी आई आणि दूर असलेले मूल

श्रवणदोष वाढल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात शिकू लागल्या आणि तेथेच संस्कृतचे अध्यापनही करू लागल्या. डोरोथिया बील या तेथील प्रमुख होत्या. मनोरमेला मात्र वाँटेजच्या भगिनींकडे ठेवावे लागले. आई एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेतून दोन वाद उद्भवले. पहिला वाद अध्यापनाचा होता. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, असा प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांसमोर बोलण्यास वडिलांच्या घरी कधी बंदी नव्हती. कलकत्त्याच्या पंडितसभेत त्या बोलल्या होत्या. त्यामुळे हे बंधन त्यांना अपमानास्पद वाटले.

दुसरा वाद अधिक नाजूक होता. ज्यांच्याकडे मूल राहते, त्यांनी त्याला काय शिकवावे? सिस्टर जेराल्डिन यांना मायलेकी प्रेमाने आजीबाई म्हणत. मनोरमेचे संगोपन त्यांनी आस्थेने केले. परंतु चर्चची जी तत्त्वे रमाबाईंना स्वतःला पटत नव्हती, ती मुलीला निर्विवाद सत्य म्हणून शिकवली जावीत, हे त्यांना मान्य नव्हते. या दोघींच्या पत्रव्यवहारात धर्मचर्चेच्या जोडीने आईचा अधिकार हा विषय पुन्हा पुन्हा येतो. उपकाराखाली असलेल्या परक्या देशातील विधवेने हा अधिकार सोडला नाही, ही बाब विशेष आहे. तरीही दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. रोज मुलाचे करणारी व्यक्ती त्याच्यावर संस्कार करतेच. दूर राहून निर्णय घेणाऱ्या आईला ते नेहमीच स्वीकारता येतात असे नाही. मूल दुसऱ्याकडे ठेवून कामावर जाणाऱ्या प्रत्येक आईपुढे हा पेच कमीअधिक प्रमाणात असतो. रमाबाईंच्या बाबतीत त्याला धर्म आणि साम्राज्य यांची धार होती.

आपली प्रगती तपासा – १
(अ) लक्ष्मीबाईंच्या अध्यापनपद्धतीचे वैशिष्ट्य दोन वाक्यांत सांगा.
(आ) मनोरमेच्या संगोपनावरून कोणता मतभेद निर्माण झाला?

५.५ अमेरिका : बालोद्यानाचा अभ्यास

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मनोरमेसह फिलाडेल्फियाला गेल्या. पुढे त्यांचा मुक्काम वाढला. व्याख्यानांसाठी सतत प्रवास करावा लागल्याने मनोरमेला इंग्लंडला परत पाठवण्यात आले. पुन्हा पत्रे आणि पुन्हा ताटातूट सुरू झाली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. नियोजित संस्थेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे या मंडळाने ठरवले.

या मुक्कामात रमाबाईंनी फ्रबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. खेळ, वस्तू, हस्तकौशल्य आणि निसर्गनिरीक्षण यांतून मूल शिकते, हा त्या पद्धतीचा गाभा होय. घोकंपट्टीच्या परंपरेत वाढलेल्या पंडितेला ही दिशा मोलाची वाटली. परत येताना त्यांच्यापाशी केवळ निधीचे आश्वासन नव्हते, तर अध्यापनाची एक नवी रीतही होती.

५.६ शारदासदन : उघडे दार

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. नावातील ‘सदन’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. रमाबाईंनी पाठशाळा, विद्यालय किंवा आश्रम हे प्रचलित शब्द घेतले नाहीत. सदन म्हणजे घर. ज्या बालविधवेला सासरी मान नाही आणि माहेरी हक्क नाही, तिला अक्षरांच्या आधी घर हवे होते. गोदूबाई ही येथील अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखली जाऊ लागली.

१८९० मध्ये सदन पुण्यास हलवले गेले. मनोरमा आता आईजवळ होती आणि इतर मुलींबरोबर वाढत होती. घर आणि शाळा एका छताखाली आल्याने ताटातुटीचा प्रश्न मिटला, परंतु नवा प्रश्न निर्माण झाला. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि इच्छा झालेल्या मुली तेथे येऊन बसत. सदनात कोणत्याही धर्माची शिकवण दिली जाणार नाही, असे आश्वासन असल्याने यावर मोठा वाद झाला. ‘केसरी’ने टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगाचे मूल्यमापन एकांगी होऊ नये. आश्रित मुलींवर संस्थाचालिकेच्या आचरणाचा प्रभाव पडतो, ही सल्लागारांची शंका निराधार नव्हती. पुढे अनेक विद्यार्थिनी ख्रिस्ती झाल्याही. दुसऱ्या बाजूस, स्वतःच्या मुलीबरोबरची प्रार्थना दार लावून करावी, हे रमाबाईंना मान्य नव्हते. शाळेतच संसार असणाऱ्या शिक्षिकेचे खासगी जीवन कोठे संपते आणि अध्यापन कोठे सुरू होते, हा प्रश्न त्या उघड्या दाराने उभा केला.

५.७ केडगाव : मुक्तिसदन

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. बालपणी भुकेने आपले घर उद्ध्वस्त झालेले त्यांनी पाहिले होते. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना एकत्र ठेवणे अशक्य झाले. केडगावला आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेतलेली होती. तेथे आरंभी तात्पुरत्या निवाऱ्यात सोय झाली आणि १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले. पुढे शारदासदनही केडगावलाच आले. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळपीडित स्त्रियाही येथे आल्या आणि वस्ती दीड हजाराच्या घरात गेली.

या कोरड्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे स्त्रिया शिकल्या. येथे तान्ही लेकरे घेऊन आलेल्या माता होत्या, तशीच आई नसलेली मुलेही होती. थोरल्या मुलींकडे धाकट्यांची जबाबदारी असे. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. अंधांच्या शिक्षणाचीही सोय झाली. मूल असणे ही शिकण्यातील वा काम करण्यातील अडचण ठरू नये, अशी ही रचना होती. आजच्या भाषेत ज्याला पाळणाघर म्हणतात, ते येथे वेगळे काढावे लागले नाही.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी सोपी मराठी वापरण्यावर त्यांचा कटाक्ष होता. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या पंडितेने जाणीवपूर्वक संस्कृतप्रचुरता टाळावी, ही भाषाभ्यासकाने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे. त्याची छपाई मुक्तिसदनाच्या छापखान्यातच झाली.

५.८ मनोरमा

मनोरमेने इंग्लंड आणि अमेरिकेत शिक्षण घेतले आणि १९०० च्या सुमारास ती आईच्या कामात दाखल झाली. मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी तिने मिळवली, शारदासदनाची प्रमुख म्हणून काम केले आणि १९१२ च्या सुमारास गुलबर्गा येथे मुलींची शाळा उभारण्यात मोठा वाटा उचलला. बालपणी आईच्या कामासाठी दुसऱ्यांकडे राहिलेली मुलगी पुढे त्याच कामाची मुख्य आधार बनली. यात वारसा आहे तसेच ओझेही आहे. शेकडो मुलींची आई असलेल्या स्त्रीची एकुलती एक मुलगी होणे सोपे नव्हते.

२४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी मनोरमाबाईंचे निधन झाले. रमाबाईंनी संस्थेची धुरा जिच्या हाती सोपवायची ठरवले होते, ती आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. बायबलचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

५.९ सारांश

रमाबाईंच्या अध्यापनकार्याचे तीन टप्पे दिसतात. चेल्टनहॅमला शाळा आणि मूल यांची फारकत झाली. शारदासदनात ती दोन्ही एकत्र आली, परंतु खासगी आणि सार्वजनिक यांतील सीमा वादग्रस्त ठरली. केडगावला ही अडचण एका स्त्रीपुरती न राहता संस्थेच्या रचनेतच तिचे उत्तर शोधले गेले. त्यांच्या धर्मविषयक भूमिकेशी सहमत असो वा नसो, मूल सांभाळणाऱ्या स्त्रीला शिकता यावे आणि शिकवता यावे यासाठी आधी घराची कल्पना बदलावी लागते, हा त्यांच्या कार्यातून निघणारा विचार आजही महत्त्वाचा आहे.

५.१० स्वाध्याय

१. ‘सदन’ या शब्दाच्या निवडीमागील विचार शारदासदनाच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. १८९३ च्या वादातील दोन्ही बाजू मांडून आपले मत सकारण लिहा.
३. रमाबाईंवरील आईच्या अध्यापनाचा संस्कार आणि केडगावची संस्था यांतील संबंध दाखवा.
४. उपक्रम : आपल्या परिसरातील, लहान मूल असलेल्या एखाद्या शिक्षिकेशी बोलून तिच्या दिनक्रमाविषयी तिचे नाव न देता २०० शब्दांत टिपण लिहा.