डॉ. आनंदीबाई जोशी: क्षयरोग, आजची औषधे आणि आपले यकृत

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपण शाळेपासून ऐकतो. त्यांचा मृत्यू क्षयरोगाने, म्हणजे टीबीने झाला, हे मात्र अनेकांना माहीत नसते. ज्यांच्या घरात टीबीची औषधे सुरू आहेत, त्यांनी त्यांचे आयुष्य जरूर जाणून घ्यावे.

बाळ गेले आणि डॉक्टर व्हायचे ठरले

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत दगावला. या दुःखातून त्या डॉक्टर होण्याच्या निश्चयाला पोहोचल्या.

१८८३ मध्ये त्या पतीला मागे ठेवून कोलकात्याहून जहाजाने अमेरिकेला निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना कडाक्याची थंडी आणि न मानवणारा आहार यांमुळे तब्येत ढासळत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली होती. त्या मायदेशी परतल्या, पण आजार बळावला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय २२ सुद्धा पूर्ण नव्हते.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला होता. पण औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला आणि आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आले. आज साधा टीबी साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

मग यकृताला त्रास का होतो?

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन औषधे काही रुग्णांच्या यकृताला सूज आणतात. एकाच घरातील दोघांनी तीच गोळी घेतली, तरी एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याला कावीळ होते. याचे एक कारण जनुकांमध्ये आहे.

यकृतातील 'नॅट-२' नावाचे एन्झाइम आयसोनियाझिडचे रूपांतर करते. काहींमध्ये ते जन्मतःच संथ असते, त्यामुळे त्रासदायक घटक शरीरात जास्त वेळ राहतात. दुसरा भाग प्रतिकारशक्तीचा. आपले कोण आणि परके कोण हे ओळखायला 'एचएलए' जनुके मदत करतात. औषधाचा अंश चिकटलेली यकृताची पेशी एखाद्याच्या शरीराला परकी वाटते, धोक्याचे संदेश सुटतात आणि संरक्षक पेशी यकृतावरच हल्ला करतात. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २००२ मध्ये भारतीय टीबी रुग्णांमध्ये काही एचएलए प्रकारांचा या त्रासाशी संबंध दाखवला.

ही जनुकीय तपासणी अजून रोजच्या उपचारात केली जात नाही. वाढते वय, कुपोषण, दारू आणि आधीचा यकृताचा आजार यांनीही धोका वाढतो.

ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दाखवा

- भूक एकदम मरणे, सतत मळमळ किंवा उलट्या
- खूप थकवा, पोटात उजवीकडे वर दुखणे
- चहासारखी गडद लघवी, डोळे पिवळे होणे

रिफाम्पिसिनमुळे लघवी नारंगी होते, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसले तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना भेटा. ते यकृताची रक्ततपासणी करतात, गरज पडल्यास औषधे थांबवतात आणि यकृत सावरले की एकेक करून पुन्हा सुरू करतात. बहुतेकांचा कोर्स असा पूर्ण होतो.

आमच्या मालेगाव भागात कावीळ दिसली की माळ घालणे किंवा झाडपाल्याचे औषध घेणे आजही चालते. त्यात मोलाचे दिवस जातात, आणि काही झाडपाल्यांनी यकृताला आणखी इजा होते. दुसरी चूक म्हणजे त्रासाला घाबरून कोर्स कायमचा सोडणे. त्यामुळे टीबी उलटतो आणि औषधांना दाद न देणारा होऊ शकतो.

उपचार सुरू होतानाच दारूची सवय, पूर्वीची कावीळ आणि सुरू असलेली इतर औषधे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. पहिल्या दोन महिन्यांत घरच्यांनी रुग्णाच्या जेवणाकडे आणि डोळ्यांच्या रंगाकडे विशेष लक्ष ठेवावे.