नांगराच्या कारखान्यातून निघालेले मासिक



किर्लोस्कर हे नाव ऐकले की बहुतेकांना पाण्याचे पंप आणि इंजिने आठवतात. पण याच नावाचे एक मासिकही होते आणि त्याने महाराष्ट्रातल्या घराघरांत नवे विचार पोचवले. त्या मासिकाचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर यांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत. वाचक त्यांना 'शंवाकि' म्हणून ओळखत. शंकरमधला 'शं', वासुदेवमधला 'वा' आणि किर्लोस्करमधला 'कि'!

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापूरला झाला. त्यांना चित्रकलेची फार आवड. ती शिकण्यासाठी ते मुंबईला गेले आणि थेट लाहोरलाही गेले. तिथे पंडित सातवळेकर यांचा चित्रकलेचा स्टुडिओ होता. हेच सातवळेकर पुढे वेदांचे मोठे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झाले. एवढे शिक्षण घेतल्यावर शंकरराव चित्रकार होणार असेच कुणालाही वाटले असते. पण ते आले आपल्या काकांच्या, लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यात.

लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. तिथे लोखंडी नांगर तयार होत. पण नुसते नांगर तयार करून भागत नव्हते. लोखंडाचा फाळ लावला तर जमिनीत विष भिनते, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरणाऱ्या माणसाला नवी वस्तू पटवून देणे सोपे नव्हते. शंकररावांकडे जाहिरात आणि विक्रीचे काम आले. चित्रे काढणारा हात आता जाहिरातींसाठी चालू लागला.

या कामातूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू झाले. नावाप्रमाणेच त्यात कारखान्याची खबरबात असे. एखाद्या कंपनीचे पत्रक लोक चाळतात आणि बाजूला ठेवतात. शंकररावांनी मात्र आपले पत्रक जपून ठेवावेसे वाटेल असे केले. उद्योगधंद्यांची माहिती, कष्टाने पुढे आलेल्या माणसांच्या हकिगती, गोष्टी आणि चित्रे असा मजकूर त्यात वाढत गेला. व्यंगचित्रे ते स्वतः काढत. त्यांच्या 'टाकांच्या फेकी' वाचकांच्या आवडीच्या होत्या. टाक म्हणजे दौतीत बुडवून लिहायची लेखणी. तिच्या चार रेघांत ते समाजातल्या ढोंगावर नेमके बोट ठेवत. १९२९ मध्ये नावातली 'खबर' गेली आणि मासिक नुसते 'किर्लोस्कर' झाले.

आता खरा प्रश्न होता. मासिक कारखान्याचे, आणि कारखान्याला गिऱ्हाईक हवे. मग कुणाचे मन दुखेल असे छापावे कशाला? गोड गोड लिहून सगळ्यांना खूश ठेवणे सोयीचे होते. शंकररावांनी तो सोपा रस्ता घेतला नाही. जातिभेद, अंधश्रद्धा, बुवाबाजी यांवर 'किर्लोस्कर'मध्ये सडेतोड लेख येऊ लागले. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे लेखही तिथे छापले गेले. असे लेख वाचून चिडणारे लोक होते, तसेच पुढच्या अंकाची वाट पाहणारेही होते. आम्हाला वाटते, लोखंडी नांगर पटवून देण्याच्या कामातच या धैर्याचे मूळ असावे. जुनी समजूत केवळ जुनी म्हणून खरी ठरत नाही, हे त्यांनी शेताच्या बांधावरच पाहिले होते.

१९३० साली त्यांनी 'स्त्री' मासिक सुरू केले. त्या काळी बायकांसाठी मासिक म्हणजे पाककृती आणि व्रतवैकल्ये, अशी अनेकांची कल्पना असे. 'स्त्री'ने शिक्षण, लग्न, नोकरी, घरातले स्थान यांवर बोलायला सुरुवात केली. मुख्य म्हणजे बायकांना स्वतः लिहायला जागा दिली. १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर' निघाले. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या तिघांना मिळून लोक 'किस्त्रीम' म्हणू लागले. मुलांनो, हा शब्द कसा तयार झाला, ते ओळखा पाहू!

शंकररावांनी लक्ष्मणरावांचे चरित्रही लिहिले. त्याचे नाव 'यांत्रिकाची यात्रा'. स्वतःच्या आयुष्याची हकिगत त्यांनी 'शंवाकीय' या पुस्तकात सांगितली. १ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी लावलेले रोप मात्र वाढत राहिले. 'स्त्री'मध्ये अनेक वर्षे काम करून तिच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक सुरू केले.

मोठे काम करायला आधी मोठे साधन हवे, असे आपण पुष्कळदा म्हणतो. शंकररावांच्या हाती सुरुवातीला फक्त एका कारखान्याची खबर होती. वाचकाला समजेल अशा भाषेत लिहायचे आणि पटलेले सांगताना कचरायचे नाही, एवढ्यावर त्यांनी ती वाढवली. आपली ही झेरॉक्सची पाने काढताना आम्हालाही हे लक्षात ठेवायचे आहे.

या महिन्याचा गृहपाठ सोपा आहे. आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा विचारा, तुमच्या घरी 'किर्लोस्कर' किंवा 'स्त्री' येत असे का? सगळ्यांत आधी ते कोण वाचायचे? जे उत्तर मिळेल ते पाच ओळींत मराठीत लिहून आणा. पुढच्या अंकात आपण ते छापू.